साठचे आठ होतात तेव्हा

वणीच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव एका ट्रॉलीपाशी फार वेळ रेंगाळत नाही. ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने उभे असतात. पुकारा करणारा पुढे, त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, शेजारी बाजार समितीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन. कुणी ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा वर काढतो, दाबून बघतो, पत्ती चोळतो. तोवर आकडे सुरू झालेले असतात. "बाराशे... पंचवीस... चाळीस... साठ, साठ, साठ..." आणि घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. क्विंटलचा भाव ठरला. पटला नाही तर शेतकऱ्याने तिथल्या तिथे नाही म्हणायचं; पटला तर वाहन काट्यावर, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. चार-साडेचार महिन्यांच्या पिकाचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो आणि सगळा कारभार कानांवर चालतो.

त्या गर्दीत ट्रॉलीचा फाळका धरून सत्तरीकडे झुकलेले एक नाना उभे होते. घोळका त्यांच्याच मालाभोवती होता, पण त्यांचं तोंड भलतीकडे. शेजारच्या ट्रॉलीवर चढलेल्या नातवाकडे ते टक लावून बघत होते आणि नातू बोटांनी आकडे दाखवत होता. भाव फुटला, नानांनी मान डोलावली. नंतर चहाच्या टपरीवर म्हणाले, "आवाज येतो हो मला. बहिरा नाही मी. भाव तेवढा कळत नाही." मागच्या हंगामात नातू सोबत नव्हता. बाराशे साठने गेलेला माल बाराशे आठने गेला असं समजून ते खळ्यावर जाऊन भांडले. पावती डोळ्यांपुढे धरल्यावर चारचौघांत ओशाळले. तेव्हापासून नातू शाळा-कॉलेज बुडवून लिलावाला येतो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'आवाज' हा विषय दिला, तेव्हा तो ज्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही त्यांच्याकडे जावं असं वाटलं. त्यासाठी वणी बरी होती. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातलं हे बाजाराचं मोठं गाव. भोवती द्राक्षबागा, बागांत ट्रॅक्टर आणि ब्लोअर. पलीकडे सप्तशृंगी गड आणि वर्षातून दोनदा, चैत्रात आणि नवरात्रात, वाजतगाजत तिकडे निघालेली लाखो माणसं. आवाजाला इथे तोटा नाही. पण गावात विचारत फिरू लागलो तसं कळलं की कमी ऐकू येणारं माणूस घराघरात आहे आणि कमी ऐकू येण्याला आजार मानणारं घर विरळा. 'वय झालं' या दोन शब्दांत प्रकरण मिटतं.

ते तिथे मिटत नाही. कान अधू होतो ते पहिलं नुकसान. त्या माणसाला काही सांगणंच हळूहळू बंद होतं, ते दुसरं आणि मोठं. या लेखात जे पाहिलं ते बहुतेक या दुसऱ्या नुकसानाबद्दल आहे.

आवाज येतो, शब्द येत नाही

नानांचं 'आवाज येतो, भाव कळत नाही' हे वाक्य कानाच्या डॉक्टरांना रोज ऐकायला मिळतं, आणि ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

आपण बोलतो तेव्हा स्वर आणि व्यंजनं यांचं काम वाटून घेतलेलं असतं. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस. बोलण्याचा जोर त्यांच्यात असतो. स, श, फ, थ, ख, त यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीची आणि क्षीण. पण शब्दाचा अर्थ बहुधा त्यांच्यावर ठरतो. 'स'ची शीळ चार हजार हर्ट्झच्याही वर असते. वयाने किंवा गोंगाटाने कान झिजतो तेव्हा सर्वांत आधी वरची पट्टी जाते. मग 'साठ'मधला 'स' गळतो आणि 'आठ' उरतं. 'सात'चं 'आत' होतं, 'शंभर'चं 'अंभर', 'खत'चं 'अत'. ऐकणाऱ्याला आवाज पुरेसा मोठा आलेला असतो. म्हणून त्याला प्रामाणिकपणे वाटतं की माझे कान ठीक आहेत, ही हल्लीची पोरंच तोंडातल्या तोंडात बोलतात.

हे का घडतं ते आतल्या कानात बघावं लागतं. पडद्यावर आदळलेला आवाज हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांतून शंखापर्यंत जातो. शंख म्हणजे वाटाण्याएवढी, अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी. तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात: आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार. द्रव हलला की तंतू वाकतात, पेशी विजेचा संकेत सोडतात आणि मज्जातंतू तो मेंदूकडे नेतो. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, टोकाकडच्या खालचे. घरात उंबरठ्याजवळची फरशी आधी झिजते, तसं तोंडाशी असलेल्या पेशींचं होतं. आणि माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जन्माला येताना जेवढी पुंजी मिळते, तेवढ्यावर आयुष्य काढायचं.

झिजलेल्या कानाची आणखी एक खोड घरच्यांना फार चक्रावून टाकते. हळू बोललं तर ऐकू येत नाही आणि जरा जोरात बोललं तर म्हातारा खेकसतो, "ओरडतोस कशाला?" तो नाटक करत नसतो. बाहेरच्या रांगांतल्या पेशी लहान आवाज मोठा करून देतात आणि मोठ्याला आवर घालतात. त्या गेल्या की 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्यातलं अंतर फार थोडं उरतं. शिवाय ओरडल्याने स्वर मोठे होतात, 'स' आणि 'त' होते तिथेच राहतात. म्हणजे ओरडणाऱ्याचा घसा बसतो आणि ऐकणाऱ्याला 'आठ'च ऐकू येतं, फक्त जास्त मोठ्याने.

सगळं बहिरेपण या जातीचं नसतं. पडद्याला भोक पडलं, मधल्या कानात पाणी साठलं, मळाचा बोळा बसला, हाडं जखडली, तर आवाज आतल्या कानापर्यंत पोचत नाही. त्याला बहुतेक वेळा इलाज आहे: औषध, सफाई, शस्त्रक्रिया. आतल्या कानाची झीज मात्र भरून येत नाही. तिथे यंत्राचा आधार घ्यावा लागतो. कोणती जात आहे हे ठरवायला ऑडिओमेट्री लागते. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून, वेगवेगळ्या पट्टीचे स्वर देऊन, 'ऐकू आलं की बटण दाबा' एवढीच ती तपासणी. सुई नाही, दुखत नाही. तरी वणीत ज्या ज्या वयस्कांशी बोललो त्यांतल्या बहुतेकांची साखर आणि रक्तदाब तपासून झाला होता, डोळ्यांचा मोतीबिंदू निघाला होता, कान मात्र कुणी तपासला नव्हता.

ब्लोअरवरचा माणूस

ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेत फवारणीचा हंगाम सुरू होतो. पाऊस झाला किंवा धुकं पडलं की डाऊनी रोगाच्या भीतीने बागायतदाराला झोप नसते. भुरीसाठी वेगळी फवारणी. वाईट हवामानात रोज बागेत ट्रॅक्टर घालावा लागतो. मागे ब्लोअर. त्याचा पंखा औषधाचं धुकं करून वेलींत घुसवतो. बागेच्या दोन ओळींमध्ये, वर मांडव, असा बोगदाच असतो. चालवणाऱ्याच्या पुढे इंजिन आणि पाठीमागे पंखा.

या चालकाकडे नीट बघितलं तर तोंडाला फडकं किंवा मास्क दिसतो, कधी चष्मा, हातमोजे. औषध अंगावर जाऊ नये याची शिकवण कृषी खात्याने आणि कंपन्यांनी दिली आहे. कान उघडे. आवाजही अंगात जातो, ही गोष्ट कुणी त्याला सांगितलेली नाही.

केबिन नसलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन ताणाखाली असताना चालकाच्या कानाशी ९० डेसिबलच्या पुढे आवाज जाणं नेहमीचं आहे. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही मर्यादा जगात बऱ्याच ठिकाणी धरली जाते. डेसिबलचा हिशोब मात्र साधा नसतो. ३ डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, १०० ला पाव तास. पहाटे बागेत शिरलेला माणूस न्याहारीपर्यंत दिवसाची शिदोरी संपवून बसतो.

गोंगाटाने गेलेल्या कानाचा आलेख ओळखू येतो. चार हजार हर्ट्झच्या आसपास रेघ एकदम खाली खचते आणि पुढे थोडी वर येते. पस्तिशीतल्या एका चालकाने आपली लक्षणं सांगितली तेव्हा तो खड्डा न बघताही डोळ्यांपुढे आला. रात्री आडवं झालं की कानात रातकिडे ओरडतात. पहिल्या वर्षी सकाळपर्यंत थांबायचे, आता थांबत नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. बायको म्हणते टीव्ही बारीक कर. "मशिनवर बसलं की असं व्हायचंच," तो म्हणाला. फोमचे इअरप्लग काही रुपयांत मिळतात, कान झाकणारे मफ काहीशे रुपयांत. एका फवारणीच्या औषधाच्या बिलात ते सहज बसतील. पण द्राक्षबागेच्या खर्चाच्या वहीत 'कान' असा रकाना नाही.

गडाच्या वाटेवरचा आवाज निराळा; तो आवडीचा असतो. सप्तशृंगीची मूर्ती अठरा हातांची, मान एका बाजूला किंचित कललेली. समोरच्या मार्कंडेय डोंगरावरून मार्कंडेय ऋषी देवीचं माहात्म्य सांगत आणि देवी कान देऊन ऐके, अशी आख्यायिका इथली पोरंसोरंही सांगतात. मधे अख्खी दरी आहे. पूर्वी यात्रेत संबळ आणि ढोल असायचे. आता टेम्पोवर चढवलेल्या स्पीकरच्या भिंतीही असतात, आणि त्यांच्यापुढे नाचणारी मुलं भिंतीपासून हातभर अंतरावर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. हे आकडे आणि स्पीकरची भिंत यांची गाठ पडणं अवघड. दुसऱ्या दिवशी कान भरल्यासारखे, दडे बसल्यासारखे वाटतात. बहुतेकांचे दोन दिवसांत मोकळे होतात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण 'मोकळे झाले' म्हणजे पूर्ण बरे झाले असं नाही. वरचेवर असे दडे बसले की काही पेशी दर वेळी कायमच्या जातात.

कान वाहतो, मूल बोलत नाही

बागांच्या कामाला सुरगाणा, पेठ, कळवणकडची आदिवासी कुटुंबं येतात. बागेच्या कडेला खोपटं, लेकरं बरोबर. या मुलांत आणि गावातल्या मुलांतही एक तक्रार हटकून आढळते: कान वाहणं. सर्दी झाली, नाकामागच्या नळीतून जंतू मधल्या कानात गेले, पू साठला, पडदा फुटला. पू बाहेर आला की ठणका थांबतो आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. खरं तर दुखणं तिथे सुरू होतं. पडद्याचं भोक बुजलं नाही तर प्रत्येक सर्दीला, प्रत्येक पोहण्याला कान पुन्हा वाहतो. मग लसूण घालून कोमट केलेलं तेल, कापूस, काडेपेटीची काडी, किल्ली. फुटक्या पडद्याच्या कानात तेल घालणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. करायचं ते उलट आहे: कान कोरडा ठेवायचा, दोन आठवड्यांहून जास्त वाहिला तर कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि भोक राहिलंच तर पडदा दुरुस्त करून घ्यायचा.

शाळेत अशा मुलाचं काय होतं? ते मागच्या बाकावर असतं. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याला काही कळत नाही, वर्गाकडे वळले की कळतं. त्यामुळे ते कधी उत्तर देतं, कधी देत नाही, आणि त्याच्यावर 'लक्ष नाही' हा शिक्का बसतो. सगळंच ऐकू न येणारं मूल तरी लवकर लक्षात येतं. थोडंथोडं ऐकू येणारं मूल 'ढ' म्हणून वाढतं.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आणि घाईची आहे. गरोदरपणातला रुबेला, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, आनुवंशिकता ही नेहमीची कारणं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असल्याने आनुवंशिक कारण दुणावतं. क्षयावरची स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं आणि जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकंही काहींच्या आतल्या कानावर उठतात. ऐकायला आणि बोलायला शिकण्याची मेंदूची वेळ पहिल्या दोन-तीन वर्षांत असते. म्हणून जगभरचा आग्रह असा: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. खेड्यात चाचणी म्हणजे ताटली वाजवून बघणं. मूल दचकतं, घर निर्धास्त होतं. ताटलीचा दणका जमिनीतून, हवेच्या हादऱ्यातूनही जाणवतो आणि खालच्या पट्टीचा आवाज काही मुलांना थोडा येतोही. मग "त्याचा मामाही उशिराच बोलला होता" यावर आणखी वर्ष जातं.

यंत्रणा नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. अवघड मूल जिल्ह्याला पाठवतात. कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने शंखात बसवायच्या यंत्राला, सरकारी योजनांतून मदत मिळते. मुंबईत वांद्र्याला, महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने १९८३ साली सुरू झालेली राष्ट्रीय संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करते. पण शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. त्यानंतर वर्षानुवर्षं वाचाउपचार लागतात, म्हणजे वणीहून नाशिकची चाळीसेक किलोमीटरची एसटी, आईची बुडालेली मजुरी आणि घरी रोजचा सराव. ज्या मुलांना याचा उपयोग होत नाही किंवा वेळ टळून गेलेली असते, त्यांच्यासाठी खुणांची भाषा हीच पहिली भाषा. ती मुलं शाळेत ती शिकतात. घरी मात्र जेव, झोप, ये, जा एवढ्या घरगुती खुणांवर त्यांना भागवावं लागतं, कारण आईबापांना ती भाषा शिकवायची सोय कुणी केलेली नसते.

"जाऊ द्या, काही नाही"

आता घरात येऊ. पाच-सहा माणसं जेवायला बसली आहेत. कुणी काही बोललं, सगळे हसले. आजोबा विचारतात, "काय झालं?" पहिल्यांदा कुणी पुन्हा सांगतं. दुसऱ्यांदा थोडक्यात सांगतं. तिसऱ्यांदा म्हणतं, "जाऊ द्या, काही नाही." हे वाक्य मला वणीत जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू आलं. त्यात दुष्टावा नसतो, कंटाळा असतो. पण ते दिवसातून दहा वेळा ऐकणारा माणूस सहा महिन्यांत विचारणं सोडतो. त्यानंतर तो सगळे हसले की हसतो, सगळ्यांनी मान हलवली की मान हलवतो. घराला वाटतं, आता त्यांना बरं कळतंय.

या मान हलवण्याची किंमत बाहेर मोजावी लागते. डॉक्टर सांगतात, गोळी अर्धी, जेवणाआधी. म्हातारा हो हो म्हणतो आणि घरी येऊन पुरी खातो. बँकेतून आलेला खरा फोन आणि फसवणारा फोन यांतला फरक आवाजाच्या ढबीवरून कळतो, तोच त्याला लागत नाही. दवाखान्यात डॉक्टरांना ओरडून विचारावं लागतं आणि लघवीच्या तक्रारीपासून सगळं काही बाकावरच्या रांगेला कळतं. मग तो पुढच्या वेळी तक्रारच सांगत नाही. रात्रीची वीज आली की बागेला पाणी द्यायला जाणारा माणूस अंधारात डोळ्यांपेक्षा कानांवर चालतो: मोटार ओढते आहे की कोरडी फिरते आहे, कुत्री कुठल्या बाजूला भुंकताहेत, उसात काही सळसळलं का. नाशिक जिल्ह्यात बिबट्याची भीती खरी आहे. कान गेलेल्या माणसाला घरचे रात्री शेतात पाठवत नाहीत. काळजीपोटीच. पण शेतातलं आपलं काम गेलं, हे त्याला कळतं.

बायकांचं आणखी वेगळं. पुरुषाला कमी ऐकू येतं हे बाजारात, पारावर, बैठकीत उघडं पडतं. बाईचं उशिरा कळतं, कारण तिला फारसं कुणी काही विचारतच नाही. कुकरच्या शिट्ट्या चुकल्या, दूध उतू गेलं, की 'लक्ष कुठे असतं' असं ऐकून घ्यायचं, तेही अर्धंच ऐकू येतं. एका घरात सुनेने सांगितलं, सासूबाई भजनाला जायच्या बंद झाल्या, आम्हाला वाटलं गुडघे दुखतात. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बाया पुढच्या कडव्यावर गेल्या तरी मी मागचंच म्हणत राहते. हसतात." कोरोनाच्या काळात मास्क आले तेव्हा अशा कितीतरी जणींना एकाएकी काहीच ऐकू येईना. कान तेवढेच होते. त्या इतकी वर्षं ओठ वाचत होत्या, हे त्यांनाही तोवर माहीत नव्हतं.

गप्प बसण्याचा परिणाम मेंदूवरही होतो का, यावर गेली काही वर्षं बराच अभ्यास झाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं नोंदवली. कमी ऐकू येणं हे त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोहोंपैकी एक. श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सत्तरी ओलांडलेल्या सुमारे हजार जणांत, तीन वर्षांनंतर एकूण फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांच्यात यंत्र आणि मार्गदर्शन मिळालेल्यांची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. दोन पिढ्या ज्याला 'म्हातारचळ' म्हणत आल्या, त्यात न ऐकू आलेल्या बोलण्याचा वाटा किती, हे विचारायची वेळ आली आहे.

दोन आकड्यांमधली माणसं

भारतात किती जणांना कमी ऐकू येतं? २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे ५० लाख ७१ हजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजावर आधारलेला, सरकारी कार्यक्रमाच्या कागदांतला आकडा सुमारे ६ कोटी ३० लाख. बारापटीहून जास्त फरक. कुणी खोटं बोललेलं नाही. जनगणनेचा माणूस दारात येऊन विचारतो आणि घर सांगतं, "नाही, तसं कुणी नाही. आजोबांना जरा कमी येतं, एवढंच." 'जरा कमी' असलेली कोट्यवधी माणसं त्या दोन आकड्यांच्या मधे राहतात.

कायद्याची रेघही त्यांच्या पलीकडे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त तूट असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. नेहमीचं बोलणं मीटरभर अंतरावरून साधारण ६० डेसिबलचं असतं. म्हणजे ५० डेसिबलची तूट असलेल्या माणसाला समोरचा कुजबुजल्यासारखा ऐकू येतो, बाजारात तर काहीच नाही, तरी कागदावर तो धडधाकट. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलच्या वर तूट गेली की मदत हवी असं मानते. अशी जगात सुमारे ४३ कोटी माणसं आहेत. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून आहे, पण वणीच्या माणसाला ऑडिओमेट्री आणि प्रमाणपत्र यांसाठी नाशिक गाठावं लागतं. ज्याला फलाटावरची घोषणा, खिडकीतून पुकारलेला नंबर, शिपायाने दाखवलेली दिशा यांतलं काही ऐकू येत नाही, त्याच माणसाला या सगळ्यातून जायचं असतं.

डबीतलं यंत्र

कानाचं यंत्र मिळालेली माणसंही भेटली. कुणाला शिबिरातून, कुणाला मुंबईच्या मुलाने घेऊन दिलेलं. बहुतेक यंत्रं कपाटात, डबीत. कारण विचारलं की एकच: "त्यात नुसता गोंगाट येतो."

हे खरं असतं, आणि ते यंत्राचं अपयश नसतं. पाच-दहा वर्षं मेंदूला पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, स्वतःच्या पावलांचा आवाज मिळालेला नसतो. तो सगळा एकदम परत येतो. त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात; आधी घरात, एका माणसाशी, शांत खोलीत, मग हळूहळू बाहेर. शिवाय यंत्र त्या माणसाच्या आलेखाप्रमाणे जुळवावं लागतं: ज्याचा 'स' गेलाय त्याला 'आ' वाढवून उपयोग नाही. हे जुळवणं एका भेटीत होत नाही. शिबिरात यंत्र वाटतात, फोटो निघतो, दुसऱ्या भेटीला कुणी नसतं. मग बटणासारख्या सेलचं स्टिकर काढल्यापासून तो उतरू लागतो हे माहीत नसतं, कानातला साचा मळाने बुजतो, पावसाळ्यात दमट हवेने यंत्र बंद पडतं. कोरडं ठेवायला सिलिकाची डबी लागते, हे कुणी सांगितलेलं नसतं.

पैशाचा प्रश्न आहेच. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्यांना सहायक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. मोजून जुळवलेलं डिजिटल यंत्र तेवढ्यात येत नाही. तेवढ्यात मिळतो तो बाजारातला साधा आवाज वाढवणारा डबा. तो सगळंच वाढवतो, ट्रॅक्टरही, आणि उरल्यासुरल्या पेशींना इजा करू शकतो. पैसे कमी असतील तर आधी तपासणी करा आणि यंत्र जिल्हा रुग्णालयाच्या किंवा दिव्यांग योजनेच्या वाटेने घ्या, हा सल्ला रुक्ष आहे, पण वाया गेलेल्या तीन हजारांपेक्षा बरा.

आणि लाज. चष्म्याची कुणाला लाज वाटत नाही, यंत्राची वाटते. लग्नाच्या मुलीच्या कानात यंत्र दिसू नये म्हणून ते बघण्याच्या दिवशी काढून ठेवतात. नेमक्या त्या दिवशी तिला समोरच्यांचे प्रश्न ऐकू येणं सगळ्यात गरजेचं असतं.

घरात करता येईल ते

सरकारने काय करावं याची यादी मोठी आहे आणि त्यातली पहिली मागणी साधी: ग्रामीण रुग्णालयात ऑडिओमेट्री आणि यंत्र जुळवणारा माणूस, ठरलेल्या वारी का होईना, हजर हवा. साठीनंतर साखर आणि डोळ्यांबरोबर कानही तपासला पाहिजे. ब्लोअर विकणाऱ्याने त्याच्याबरोबर इअरमफ दिला पाहिजे. बाजार समितीने लिलावाचा अखेरचा भाव पाटीवर किंवा लहानशा पडद्यावर दाखवला, तर नानांसारख्या कितीतरी जणांना नातू बरोबर आणावा लागणार नाही. आणि ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांचंही काही बिघडणार नाही.

बाकीचं घरातलं आहे आणि फुकट आहे. बोलण्याआधी त्यांच्यासमोर या, पाठीमागून हाक मारू नका. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या. टीव्ही, मिक्सर, पंखा बंद करा. एका वेळी एकानेच बोला. ओरडू नका, सावकाश, स्पष्ट बोला. कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगा. आकडे, तारखा, गोळ्यांचं प्रमाण लिहून द्या. विषय बदलला की आधी विषय सांगा. आणि कमी ऐकू येत असेल ते तुम्हालाच, तर 'हो हो' म्हणून मान हलवू नका. 'मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांग' हे वाक्य बिनदिक्कत वापरा.

दिवाळीत घर भरलेलं असेल. फराळाच्या ताटाभोवती चारी बाजूंनी बोलणं चाललेलं असेल आणि कोपऱ्यात कुणीतरी सगळ्यांबरोबर हसत असेल. त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि आत्ता कशावरून हसलो ते पूर्ण सांगा. भाऊबीज झाली की त्यांचा कान तपासून घ्या. या वर्षी 'जाऊ द्या, काही नाही' एवढं एक वाक्य घरातून हद्दपार करा.